अंदमानची बोट आधी, बाकी सगळे नंतर: स्वराज द्वीप आणि शहीद द्वीपच्या सहलीची टप्प्याटप्प्याने आखणी

अंदमानला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे आधी विमानाचे स्वस्त तिकीट पकडतात, मग हॉटेल ठरवतात आणि बेटांवर नेणाऱ्या बोटीचा विचार सर्वांत शेवटी करतात. इथेच घोडे पेंड खाते. विमाने बरीच असतात, हॉटेलांना पर्याय असतो. पण ठरलेल्या दिवशी, सोयीच्या वेळी, सगळ्या कुटुंबाला एकत्र जागा देणारी बोट मिळेलच असे नाही, आणि समुद्र खवळला तर ती सुटेलच असेही नाही. म्हणून सहलीचा कणा बोटीचे वेळापत्रक हाच धरावा आणि बाकीच्या गोष्टी त्याभोवती बसवाव्यात. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि हा क्रम शक्यतो मोडू नये.

१. नावे आणि ठिकाणे आधी पक्की करा

डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नामकरण श्री विजय पुरम असे झाले. तिकिटांवर, संकेतस्थळांवर आणि रिक्षावाल्यांच्या बोलण्यात मात्र जुनी आणि नवी नावे सरमिसळ येतात. एकाच कुटुंबाच्या एका तिकिटावर ‘हॅवलॉक’ आणि दुसऱ्यावर ‘स्वराज द्वीप’ दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. चूक होते ती वेगळ्या ठिकाणी: ‘स्वराज’ आणि ‘शहीद’ या दोन नावांत घाईघाईने गल्लत होऊन उलट्या बेटाचे तिकीट काढले जाते. एका कागदावर जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी लिहून ठेवावे आणि आरक्षण करताना तो कागद समोर असावा.

२. महिना निवडा, पण शाळेची सुट्टी पाहून नव्हे

समुद्र सर्वसाधारणपणे सर्वांत शांत असतो तो फेब्रुवारी ते एप्रिल या काळात. आपल्याकडच्या दोन मोठ्या सुट्ट्या मात्र बहुतांशी याच्या बाहेर पडतात, म्हणून त्यांचा नीट विचार करायला हवा.

उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत असते आणि अनेक जण ‘पाऊस तर जूनमध्ये सुरू होतो’ या हिशोबाने मेअखेरची तारीख धरतात. हा हिशोब महाराष्ट्रासाठी बरोबर आहे, अंदमानसाठी नाही. नैऋत्य मोसमी वारे केरळात १ जूनच्या सुमारास येतात, पण अंदमानच्या समुद्रावर ते साधारणपणे मेच्या उत्तरार्धातच पोहोचलेले असतात. तेव्हा उन्हाळी सुट्टीतच जायचे असेल तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा निवडावा आणि त्यातही हवामानाच्या बातमीवर लक्ष ठेवावे.

दिवाळीची सुट्टी बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या हंगामात येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बहुतेक दिवस चांगले जातात, परंतु एखादा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन-तीन दिवस बोटी बंद राहू शकतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानात हजाराहून अधिक पर्यटक या बेटांवर अडकून पडले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. दिवाळीत जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. मात्र त्या दिवसांत हाताशी एक मोकळा दिवस ठेवल्याशिवाय जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

३. दिवसांची मांडणी: आरक्षणाच्या आधी कागदावर

सात दिवसांची, दोन्ही बेटे घेणारी मांडणी अशी असावी:

पहिला दिवस: विमानाने श्री विजय पुरम, मुक्काम तिथेच.
दुसरा दिवस: सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप.
तिसरा दिवस: स्वराज द्वीप.
चौथा दिवस: बोटीने शहीद द्वीप.
पाचवा दिवस: दुपारच्या बोटीने श्री विजय पुरमला परत.
सहावा दिवस: राखीव, शहरातच.
सातवा दिवस: परतीचे विमान.

या मांडणीतल्या दोन दिवसांवर लोक सर्वांत आधी कात्री चालवतात, आणि नेमके तेच दोन दिवस सहल वाचवतात.

पहिला म्हणजे आगमनाचा दिवस. मुंबई-पुण्याहून जाताना बरेचदा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावे लागते. सकाळी उतरून दुपारची बोट पकडू, असा बेत कागदावर छान दिसतो. पण पहिले विमान तासभर उशिरा सुटले की जोडविमान हुकते, आणि जोडविमान हुकले की बोट गेलीच. बोट कोणासाठी थांबत नाही आणि चुकलेल्या बोटीचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. ती दुपार सेल्युलर जेलसाठी ठेवावी. आपल्यापैकी अनेकांना ते पाहायचेच असते, मग ते घाईत उरकण्यापेक्षा त्याच दिवशी सावकाश पाहावे आणि संध्याकाळी तिथला प्रकाश-ध्वनी कार्यक्रम करावा.

दुसरा म्हणजे सहावा, राखीव दिवस. बेटावरून त्याच दिवशी येऊन विमान पकडण्याचा बेत कधीही करू नये. हवामान बिघडले नाही तर हा दिवस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहराच्या दक्षिणेकडचा चिडिया टापू हा किनारा किंवा बाजारासाठी कामी येतो. बिघडले तर याच दिवसाच्या जोरावर परतीचे विमान मिळते.

हाताशी पाचच दिवस असतील तर शहीद द्वीप सोडून द्यावे. दोन बेटे धावत पाहण्यापेक्षा स्वराज द्वीपवर दोन रात्री शांतपणे राहणे केव्हाही चांगले, आणि बोटीचा एक टप्पा कमी झाल्याने जोखीमही कमी होते.

आधी स्वराज की आधी शहीद, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्कुबा डायव्हिंग करायचे असेल तर स्वराज आधी घ्यावे, कारण डायव्हिंगनंतर किमान १८ ते २४ तास विमानप्रवास टाळावा लागतो आणि या क्रमात ते अंतर आपोआप राखले जाते. डायव्हिंग नसेल आणि हवामानाचा भरवसा नसेल, तर उलटा क्रम विचारात घ्यावा. शहीद द्वीपच्या मानाने स्वराज द्वीपहून परतीच्या बोटी जास्त असतात.

*तपासून घ्या:* परतीच्या विमानाच्या आधीची पूर्ण रात्र श्री विजय पुरममध्ये आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका, मांडणी पुन्हा करा.

४. बोट निवडा: वेग हवा की समुद्र पाहायचा?

बोटी दोन प्रकारच्या आहेत. अंदमान प्रशासनाच्या जहाज सेवा संचालनालयाच्या सरकारी बोटी स्वस्त असतात, पण त्या स्थानिक रहिवाशांची रोजची गरज भागवण्यासाठी आहेत आणि त्यांचे आरक्षण प्रवासाच्या काही दिवस आधीच खुले होते. घरून निघताना सगळे पक्के हवे असणाऱ्यांनी त्यांच्यावर विसंबू नये. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन यांसारख्या खासगी बोटींचे आरक्षण बरेच आधी करता येते. श्री विजय पुरम ते स्वराज द्वीप हे अंतर खासगी बोटीने साधारण दीड ते अडीच तासांत कापले जाते. स्वराज ते शहीद सुमारे एक तास लागतो.

इथे एक गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. वेगवान कॅटामरान (दोन सांगाडे जोडून बांधलेल्या) बोटी पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित असतात. प्रवासभर जागेवर बसावे लागते, आणि खाऱ्या पाण्याचे तुषार वाळून काचा इतक्या धूसर होतात की खिडकीची जागा मिळूनही समुद्र धड दिसत नाही. वारा अंगावर घेत, कठड्याशी उभे राहून पाण्याचा बदलत जाणारा रंग पाहायचा असेल तर डेकवर, म्हणजे बोटीच्या उघड्या भागावर, जाऊ देणारी बोट निवडावी. सरकारी बोटींवर ते शक्य असते, आणि खासगीत ग्रीन ओशनच्या बोटी त्यासाठी ओळखल्या जातात. या बोटी तुलनेने संथ आहेत, पण ज्याला प्रवासच पाहायचा आहे त्याने त्या वेळेची फिकीर करू नये.

माझा सल्ला असा की जाताना वेगवान बोट घ्यावी आणि तीनपैकी एक तरी टप्पा डेकवाल्या बोटीने करावा. सोबत लहान मूल किंवा बोट लागणारे कोणी असेल तर स्वराज ते शहीद हा छोटा टप्पा त्यासाठी उत्तम.

सुटण्याची वेळ निवडताना सूर्याचा विचार करावा. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी ५ च्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी २ ची बोट घेऊन ४ वाजता बेटावर उतरणाऱ्यांना हॉटेलात सामान टाकेपर्यंत अंधार भेटतो आणि एक मुक्काम वाया गेल्यासारखा होतो. सकाळचीच बोट घ्यावी.

५. आरक्षणाचा क्रम

विमान, तिन्ही बोटी आणि हॉटेल यांचे आरक्षण एकाच बैठकीत करावे. आधी बोटींच्या संकेतस्थळावर आपल्या तारखांना सर्वांसाठी जागा आहेत का ते पाहावे, मग विमानाचे तिकीट काढावे, लगेच तिन्ही बोटींची तिकिटे काढावीत आणि हॉटेल शेवटी घ्यावे. हॉटेलांमध्ये तारीख बदलू देणाऱ्या किंवा आरक्षण रद्द केल्यास पैसे परत करणाऱ्यांना प्राधान्य द्यावे. वादळामुळे बोट रद्द झाली तर बोटकंपनी तिकिटाचे पैसे देईल, हॉटेलच्या रिकाम्या खोलीचे देणार नाही.

तिकीट काढताना पुढील चुका वारंवार होतात.

नाव ओळखपत्राप्रमाणे लिहिले जात नाही. घरात ‘बाळासाहेब’ म्हणत असले तरी आधार कार्डावर असेल तेच नाव लिहावे. लग्नानंतर नाव बदलले असल्यास जे ओळखपत्र प्रत्यक्ष नेणार आहात, त्यावरचे नाव द्यावे.

तान्ह्या मुलाचे तिकीट राहून जाते. मांडीवर बसणाऱ्या बाळाचीही नोंद लागते आणि त्याच्या वयाचा पुरावा सोबत असावा लागतो.

एजंट स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकतो. ही चूक सर्वांत महाग पडते. बोटीची वेळ बदलली, बोट बदलली किंवा फेरी रद्द झाली की संदेश तिकिटावरच्या क्रमांकावर जातो; तो एजंटच्या फोनवर पुण्यात किंवा ठाण्यात वाजतो आणि कुटुंब मात्र बेटावर जुन्या वेळेच्या भरवशावर निश्चिंत असते. तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी एकाचा क्रमांक असलाच पाहिजे, असे एजंटला आधीच बजावावे.

*तपासून घ्या:* प्रत्येक तिकिटावर तारीख, सुटण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण आणि जेटीचे नाव वाचा. शहरात फिनिक्स बे आणि हॅडो अशा दोन वेगळ्या जेटी आहेत. ‘जेटीवर चला’ एवढेच सांगून रिक्षात बसलेले प्रवासी चुकीच्या जेटीवर उतरतात आणि ते लक्षात येईपर्यंत दुसऱ्या जेटीवरची नोंदणी बंद झालेली असते.

६. सामान दोन भागांत बांधा

मोठ्या बॅगा बोटीवर चढताना काढून घेतल्या जातात आणि एकत्र रचून ठेवल्या जातात. प्रवासात त्या उघडता येत नाहीत. एकाच सहल कंपनीच्या पंचवीस काळ्या बॅगांच्या ढिगातून आपली ओळखणे कठीण जाते, म्हणून प्रत्येक बॅगेच्या मुठीला जुन्या साडीच्या काठाची ठळक रंगाची चिंधी घट्ट बांधावी. बॅगेवर नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

हातातल्या छोट्या पिशवीत पुढील गोष्टी ठेवाव्यात: सर्वांची मूळ ओळखपत्रे, छापील तिकिटे, औषधे, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, दोन-तीन रिकाम्या पिशव्या, एक टॉवेल, आणि शाल. शाल विसरू नये. आतला वातानुकूलित गारवा ज्येष्ठांना सोसत नाही. रोख रक्कमही याच पिशवीत असू द्यावी. बेटांवर एटीएम मोजकीच आहेत आणि ऑगस्ट २०२० पासून समुद्राखालच्या केबलमुळे इंटरनेट सुधारले असले तरी ते सगळीकडे सारखे चालत नाही. तिकिटे केवळ ईमेलमध्ये ठेवून जेटीवर नेटवर्क शोधत उभे राहण्याची वेळ आणू नये.

परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना घेऊन जात असाल तर त्यांचा मूळ पासपोर्ट आणि व्हिसा प्रत्येक टप्प्यावर सोबत असावा आणि विमानतळावर उतरताच परदेशी नागरिकांसाठीच्या खिडकीवर नोंद करूनच बाहेर पडावे.

७. बोट लागू नये म्हणून

बंदरातली पहिली काही मिनिटे पाणी शांत असते. त्यामुळे ‘काहीच होत नाही’ असे वाटून लोक गोळी घेत नाहीत, आणि बोट बंदराबाहेर मोकळ्या समुद्रात गेली की पंधरा-वीस मिनिटांत निम्मी रांग कागदी पिशव्या मागू लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग फारसा होत नाही. ती पोटात टिकतच नाही.

घरच्या डॉक्टरांना आधीच विचारून गोळी ठरवून घ्यावी, विशेषतः लहान मुले, गर्भवती, आणि रक्तदाबाची वा इतर नियमित औषधे घेणाऱ्यांसाठी. ॲव्होमिनसारखी गोळी बोट सुटण्याच्या साधारण तासभर आधी घ्यावी लागते. तिने झोप येते.

*सावधान:* अशी गोळी घेतलेल्या व्यक्तीने बेटावर उतरताच भाड्याची स्कूटर चालवू नये. जेटीबाहेरच स्कूटर मिळतात आणि हा मोह हमखास होतो. त्याच दिवशी स्कुबा करायचे असेल तर प्रशिक्षकाला गोळीबद्दल सांगावे.

पोट रिकामे ठेवू नये आणि भरगच्चही करू नये. सकाळी पुरी-भाजी टाळावी; दोन बिस्किटे, एखादे केळे किंवा थोडे पोहे पुरेत. आलेपाकाची वडी तोंडात ठेवल्याने अनेकांना बरे वाटते. जागा खालच्या मजल्यावर, मध्यभागी किंवा मध्याच्या थोडी मागे घ्यावी. पुढचा भाग लाटेवर आपटतो, तिथली ‘चांगली’ जागा जास्त पैसे देऊन घेऊ नये. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवून नजर दूर क्षितिजावर ठेवावी.

८. आदल्या संध्याकाळी आणि सुटण्याच्या दिवशी

आदल्या संध्याकाळी मोबाइलवरचे संदेश पाहावेत आणि बोटकंपनीला फोन करून वेळ पक्की करावी. रिक्षा तेव्हाच ठरवावी, कारण पहाटे ऐन वेळी ती मिळणे अवघड जाते. भारतीय हवामान खात्याचा अंदमानसाठीचा इशारा वाचावा.

जेटीवर किमान तासभर आधी पोहोचावे. तिथला क्रम असा: ओळखपत्र आणि तिकीट दाखवून प्रवेश, सामानाची तपासणी, बोर्डिंग पास, मग प्रतीक्षागृह. घोषणा झाल्याशिवाय बोटीकडे गर्दी करू नये. ओहोटीच्या वेळी बोट धक्क्यापेक्षा खाली असते आणि फळी उतरती होते. ज्येष्ठांना हात धरून उतरवावे आणि मुलांना पुढे धावू देऊ नये.

डेकवर असाल तर बंदरातून बाहेर पडताना आधीच कठड्याशी जावे. डाव्या हाताला नॉर्थ बेचे दीपगृह दिसते. जुन्या तांबूस वीस रुपयांच्या नोटेच्या मागे जे दृश्य होते त्यातले हेच दीपगृह. उजव्या हाताला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप मागे पडते. हे दृश्य काही मिनिटांचेच असते, नंतर बराच वेळ केवळ पाणी.

९. बेटांवर: वेळा पाळा

स्वराज द्वीपवर राधानगर किनारा जेटीपासून सुमारे १२ किलोमीटरवर आहे. सूर्यास्त पाहायचा तर हिवाळ्यात ३.३० पर्यंत तिथे पोहोचावे आणि परतीची रिक्षा जातानाच सांगून ठेवावी. पाण्यात उतरण्याची हद्द आणि वेळ दाखवणारे फलक कसोशीने पाळावेत. या बेटांच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये स्वराज द्वीपजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झालेला आहे. जीवरक्षक नाही म्हणाला की वाद घालू नये. एलिफंट बीचच्या बोटी सकाळी सुटतात. तो बेत दुपारी ठेवू नये.

शहीद द्वीपवरची दगडी नैसर्गिक कमान नीट पाहायची असेल तर ओहोटी साधावी लागते. भरतीत तिथपर्यंत जाणारे खडक पाण्याखाली असतात, आणि ओले खडक फार निसरडे असतात. चप्पल नव्हे, मागे पट्टा असलेल्या सँडल घालाव्यात. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत आहे, पण तो ठोकताळा या समुद्राला जसाच्या तसा लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे किंवा हॉटेलातल्या माणसाला विचारावे. ओहोटी दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

१०. बोट रद्द झाली तर

बंदर प्रशासनाने इशारा दिल्यावर कोणतीच बोट सुटत नाही. अशा वेळी ‘आमची सोय करा’ म्हणून जेटीवर भांडून उपयोग नसतो. क्रमाने असे करावे. पहिल्यांदा हॉटेलात खोली एका दिवसासाठी वाढवून घ्यावी, कारण तासाभरात सगळेच प्रवासी खोल्या शोधू लागतात. मग बोटकंपनीकडे पुढच्या उपलब्ध फेरीसाठी नाव नोंदवावे, आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवावा. त्यानंतर पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलला कळवावे. परतीच्या विमानाला ३६ तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर विमान कंपनीशी तारीख बदलण्याबाबत लगेच बोलावे. हवा निवळताच सरकारी बोटीही सुटतात. त्यांच्या खिडकीवर कुटुंबातल्या एकाने सकाळी लवकर जाऊन चौकशी करावी.

*सावधान:* छोट्या डिंगीने किंवा मासेमारी होडीने ‘गुपचूप सोडतो’ असे कोणी म्हटले तर ते कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

११. परतीच्या आधीची तपासणी

बॅगा भरताना मुलांचे खिसे आणि वाळूच्या बादल्या पाहाव्यात. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही नेता येत नाही. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत असे तुकडे पकडले जातात. शंख-शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर सरकारमान्य दुकानातून घ्याव्यात आणि पावती हातातल्या पिशवीत ठेवावी. ओळखपत्रे हॉटेलच्या काउंटरवर राहिली नाहीत ना, हे खोली सोडतानाच मोजून घ्यावे, कारण ती बेटावर विसरली तर बोटीत चढता येत नाही आणि पुढे विमानातही.